खोटं ठरवायला एक पुरतं

बी.एस्सी.ला गणित घेतलं आणि 'विधान खरे की खोटे, सकारण सांगा' या प्रश्नाने मला बराच काळ छळलं. खोट्या विधानाला एक प्रतिउदाहरण, म्हणजे ते जिथे चुकतं असं एक उदाहरण, दिलं की काम झालं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते सुचायचं कसं, हे मात्र कुठल्या नोट्समध्ये नव्हतं.

आकडे घालून बघावेत, तर 'एन² + एन + ४१ ही कायम मूळ संख्या असते' यासारखी विधानं दमवतात. एनला ० ते ३९ पर्यंत काहीही द्या, उत्तर मूळ संख्याच! आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, आकडे कसले घालत बसतेस? आधी सिद्ध करायला घे. जिथे अडशील तिथेच शोध." घेतलं. एन(एन + १) + ४१. आता एन + १ जर ४१ असेल तर? सगळ्यालाच ४१ ने भाग जातो. एन = ४०, उत्तर १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग.

दुसरी सवय लागली अटी वाचण्याची, ती कापरेकरांमुळे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ नाशिकमध्ये कुणाला सांगायला नको. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, उत्तराचं पुन्हा तेच, शेवटी ६१७४. पण 'कोणतीही' चार अंकी संख्या म्हटलं की ११११ ने घात केला, पहिल्याच वजाबाकीत शून्य. सगळे अंक सारखे नकोत, ही अट सांगताना लोक हमखास गाळतात.

तीन अंकांना ४९५ येतो. मग दोन अंकांनाही एक ठरलेली संख्या असणारच? ९० वजा ०९ म्हणजे ८१, पुढे ६३, २७, ४५, ०९ आणि परत ८१. चक्र थांबतच नाही. हे वहीत करून बघताना मला परीक्षेचा विसर पडला होता.

कॅल्क्युलसला एवढी मजा नाही, तिथे दोन-चार ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. कंटिन्युअस फंक्शनला (ज्याचा आलेख कुठे तुटत नाही) डेरिव्हेटिव्ह, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी ठरावीक चढ, असतंच म्हटलं की शून्यापाशी |क्ष|, तिथे आलेखाला टोक येतं; पदं शून्याकडे गेली की श्रेणी अभिसारी, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते, म्हटलं की १ + १/२ + १/३ + …, जिची बेरीज वाढतच राहते.

मात्र पेपरात नुसतं उदाहरण लिहून सोडू नका. विधानाच्या अटी ते पाळतं आणि निष्कर्ष तरीही चुकतो, हे दोन्ही दाखवावं लागतं. मार्क तिथेच कापतात.