ओट्याखालचा सातवा कप

नागपुरातल्या बऱ्याच घरांत ओट्याखाली किंवा मोरीच्या कट्ट्यावर एक कप वेगळा असतो. कान तुटलेला, नाहीतर जुन्या सेटमधला उरलेला. भांडीवाल्या मावशींचा चहा त्यातच. मे महिन्यात कूलरची खस बदलायला आलेल्या माणसाचा ग्लासही असाच ठरलेला. घरातल्या चार वर्षांच्या पोराला याबद्दल कोणी काही सांगत नाही, पण दिवसाला एकदा धरलं तरी वर्षाकाठी तीनशेवर वेळा ते तो कप बघतं. कारण कोणी सांगत नाही म्हणून स्वतःच जुळवतं. आणि या वयात कारण जातीच्या रीतीत शोधलं जात नाही, माणसात शोधलं जातं: कप वेगळा, म्हणजे मावशीच काहीतरी 'तशा' असणार.

शाळेला सुटी असली की मावशींसोबत त्यांची मुलगीही येते. कप तिलाही दिसतो.

तिच्या बाजूने काय होतं, याचा सगळ्यात गाजलेला पुरावा अमेरिकेतला आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने 3 ते 7 वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून अगदी सारख्या बाहुल्या ठेवल्या. 1947 साली निष्कर्ष छापले: 67 टक्के मुलांना खेळायला गोरी बाहुली हवी होती, 59 टक्के मुलांनी 'वाईट दिसणारी' म्हणून सावळी उचलून दिली. 'तुझ्यासारखी कोणती?' हा प्रश्न मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला होता, तरी काही मुलं तिथे रडली. 1954 मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाची दखल घेतली.

आपल्याकडचा प्रयोग जास्त टोचतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांची कामगिरी जवळपास सारखी आली. मग दुसऱ्या गटांत मुलाचं, वडिलांचं, आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांदेखत वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी लगेच कमी झाली. कोडी तीच, वयही तेच. आपल्याकडे 'पूर्ण नाव सांग बरं बेटा' हा प्रश्न वाढदिवसाच्या पार्टीतही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला काय हवंय हे दहा वर्षांच्या पोराला नेमकं कळतं.

दलित मुलाला घरून मिळणारा बचावाचा सल्लाही निरुपद्रवी नसतो. 'नुसतं पहिलं नाव सांग', 'तिथे जास्त बोलू नको' हे काळजीपोटीच असतं, पण नुसती सावधगिरी दिली तर मुलाच्या हाती फक्त भीती उरते. सोबत अभिमानाचा आधार लागतो. तो या शहरात आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथेच धम्मदीक्षा घेतली, आणि दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर आई-बापाचं बोट धरून आलेलं पोरगं पुस्तकांच्या दुकानांपुढे लागलेली रांग बघतं. वर्षाला एकदा तिथे नेणं मात्र पुरत नाही. ते पुस्तक नंतर घरी उघडलं जायला हवं.

कप वेगळा ठेवणाऱ्या घरातल्या मुलाने कधी 'ते लोकं घाण असतात' असं म्हटलं, तर 'असं बोलायचं नसतं!' म्हणून दटावू नका. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर बोलायचं नाही. आधी शांतपणे 'घाण म्हणजे काय रे?' विचारा आणि थांबा. मूल बहुधा एखादी बघितलेली गोष्टच सांगेल, कप नाहीतर पाण्याचा ग्लास. मग खरं कारण सांगा: 'मावशी घाण नाहीत. ही आपल्या घरातली चुकीची रीत होती, आपणच पाळत होतो.' 'आपण' हा शब्द गाळला की दोष पुन्हा मावशींकडे जातो. 'आम्ही जातपात मानतच नाही' हे वाक्य तर सगळ्यात कुचकामी. मुलाला कप दिसतोय ना!

मोठ्यांनी स्वतःचं तपासायचं असेल तर वहीच्या पानावर चार रकाने आखा: वाक्य, कोणाच्या तोंडचं, आपलं तेव्हाचं वय, आज आपण काय करतो. पाणी, जेवण, रंग, घर भाड्याने देणं आणि लग्न यांबद्दलची दहा वाक्यं पुरेत. पहिल्या बैठकीत 'सगळे समान' छाप गोड वाक्यंच येतात. आठवड्याने पुन्हा बसा, खरी तेव्हा वर येतात. चौथा रकाना मनाने भरू नका. वरचा मजला शेवटचा कोणाला दिला आणि 'आमच्या घरी नॉनव्हेज चालत नाही' हे कोणाचं आडनाव ऐकल्यावर सांगितलं, ते लिहा.

आणि कप काढताना समारंभ नको. मावशींना भाषण देऊ नका, अवघडतील त्या. सेटमधल्या सहांपैकी एकात चहा गाळायचा आणि सगळे कप एकत्र घासायला टाकायचे. घरातली आजी चार दिवस कुरकुर करेल. मुलासमोर तिच्याशी भांडू नका. पण तिने तो कप परत ओट्याखाली ठेवला, तर मुलासमोरच उचला.