पंपाच्या ऑटोपासून गेमच्या डबीपर्यंत: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मुख्य माल शेतीपंपाचा ऑटो स्विच. लाइट आली की मोटर आपोआप चालू करायची, एखादा फेज गेला की बंद करायची, एवढंच त्याचं काम. वडिलांनी उभा केलेला हा धंदा चांगला आहे, पण पाऊस लागला की मागणी बसते. जून ते सप्टेंबर विहिरी भरलेल्या, मोटारी बंद, आणि आमच्या सोल्डरिंगच्या टेबलावर काम नाही. पगार मात्र बाराही महिने द्यावा लागतो.

म्हणून पावसाळ्यापुरतं आम्ही इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी प्रोजेक्ट किट बनवायला लागलो. रेषेवरून चालणारी गाडी, डिजिटल घड्याळ वगैरे. त्यातच भाच्याच्या हट्टाने एक गेमचा बोर्ड केला. त्यावर आरपी२०४० ही चिप होती. ही चिप स्वस्त छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या रास्पबेरी पायवाल्यांनी २०२१ मध्ये आणली, किंमत साधारण एक डॉलर. आत १३३ मेगाहर्ट्झचे दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन मेंदू, आणि २६४ केबी मेमरी. १९८९ च्या मूळ निन्टेन्डो गेम बॉयचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्राचा, प्रोसेसर ४.१९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची मेमरी ८ केबी होती. त्यामुळे जुन्या यंत्राची नक्कल करणं या चिपला जड जात नाही. त्यासाठी ‘पीनट-जीबी’ नावाचा मुक्त परवान्याचा एम्युलेटर (नक्कल करणारा प्रोग्राम) आयता मिळतो. आम्ही तोच घेतला. चाक नव्याने शोधण्याइतका वेळ धंद्यात नसतो.

१ ऑक्टोबर २०२५ ला लेगो या जोडायच्या ठोकळ्यांच्या कंपनीने गेम बॉयचा सेट बाजारात आणला. ४२१ तुकडे, जवळजवळ मूळ आकार, सोबत दोन कॅसेटी. बटणं दाबता येतात, कॅसेट आत सरकते, पण चालत काहीच नाही. पडद्याच्या जागी तिरकं केलं की बदलणारं चित्र आहे. शोभेची वस्तू म्हणून सुरेख. पण असली वस्तू हातात आली की ती चालू करून बघावीशी वाटणारच. ऑस्ट्रेलियातल्या ‘नॅटली द नर्ड’ या मॉडरने, म्हणजे जुन्या यंत्रांत फेरफार करणाऱ्या बाईने, लगेच खऱ्या गेम बॉयच्या चिपा छोट्या बोर्डावर बसवून, खरी कॅसेट चालेल असा सेट करून दाखवला. ते काम आमच्यापेक्षा कितीतरी वरचं. आमच्याकडे ना त्या जुन्या चिपा, ना इथल्या गिऱ्हाइकाकडे जुन्या कॅसेटी. आपल्याकडच्या पिढीच्या हातात होती ती ‘९९९९ इन १’ लिहिलेली ब्रिक गेमची डबी. आम्हाला लेगोच्या या सेटमध्ये बसेल असा आमचा बोर्ड करायचा होता, पण स्वस्त, साधा आणि इथे दुरुस्त होईल असा.

सुरुवातीलाच एक अट घालून घेतली: एकही ठोकळा कापायचा नाही, काहीही चिकटवायचं नाही. आतले काही ठोकळे काढा, आमचा बोर्ड बसवा. कंटाळा आला की बोर्ड काढून मूळ मॉडेल परत जोडा. भाच्याला ही अट अनाठायी वाटत होती. ‘मामा, ग्राइंडर दोन मिनिटं लावला की काम होतंय,’ म्हणायचा. पण महागाचा सेट घेतलेला माणूस तो कापायला धजत नाही. आणि कापलेला परत जुळत नाही.

या एका अटीने पुढचं सगळं ठरवलं. लेगोचं जग ८ मिलीमीटरच्या चौकटीत चालतं: ठोकळ्यावरच्या दोन गुंड्यांमधलं अंतर ८, ठोकळ्याची उंची ९.६, पातळ पट्टीची ३.२. मूळ गेम बॉय ९० रुंद, १४८ उंच आणि ३२ जाड. जाडी बरोबर दहा पट्ट्यांची भरते, पण रुंदी सव्वाअकरा गुंड्या आणि उंची साडेअठरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या मापांना तर या चौकटीशी काही देणंघेणंच नाही. ट्रिपल-ए सेल १०.५ मिलीमीटर जाड, म्हणजे एका ठोकळ्याहून ०.९ ने जास्त. तेवढ्यासाठी वर एक पट्टी चढवावी लागते आणि १२.८ मिलीमीटर जागा जाते. डबल-ए १४.५ चा; तो घेतला तर ठोकळा आणि दोन पट्ट्या. मूळ यंत्रात चार डबल-ए होते. आम्ही दोन ट्रिपल-ए घेतले आणि व्होल्टेज वाढवणारी छोटी सर्किट लावली. लिथियम सेल सोपा पडला असता, पण त्याच्या प्रमाणपत्राची आणि कुरिअरची कटकट आमच्यासारख्याला झेपत नाही. शिवाय फुगलेला सेल कुणाच्या महागाच्या मॉडेलमध्ये सापडावा, हे मला नको होतं. ट्रिपल-ए सेल काय, आजऱ्याच्या किराणा दुकानातही मिळतो.

पडद्याने वेगळाच घोळ घातला. गेम बॉयचं चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचं. ते दुप्पट केलं की ३२० बाय २८८ होतं, आणि बाजारात सहज मिळणारा पडदा ३२० बाय २४०. दीडपट केलं तर २४० बाय २१६ होतं आणि २४० च्या चौकोनी पडद्यावर नीट बसतं. पण दीडपटीत काही ठिपके जाड, काही बारीक दिसतात. आम्ही दीडपटच घेतली आणि शेजारच्या ठिपक्यांचे रंग थोडे मिसळले. पडद्याला सेकंदाला जवळजवळ साठ चित्रं, म्हणजे सुमारे पाच कोटी बिट पाठवावे लागतात. एक कोअर खेळ चालवतो, दुसरा पडदा सांभाळतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते बटणांनी. आधी बोर्डावर साधे टॅक्ट स्विच, म्हणजे टिक वाजणारी छोटी बटणं, लावले. ते पाव मिलीमीटरच खाली जातात, आणि वरून ठोकळ्याचं बटण त्याहून खूप जास्त हलतं. बोटाला काहीच कळत नाही. उपाय सापडला टीव्ही रिमोट दुरुस्त करणाऱ्यांकडे. रिमोटच्या आत सिलिकॉनचं रबर असतं, खाली कार्बनची टिकली. दाबलं की ती बोर्डावरच्या पट्ट्या जोडते, सोडलं की रबर उसळी मारतं. तसंच रबर आमच्या मापाचं हवं होतं. त्याचा साचा आमच्याच गल्लीतल्या साचेवाल्याने केला. हा माणूस फाउंड्रीच्या मापांत मुरलेला. खेळण्यातल्या बटणाचं ड्रॉइंग बघून आधी हसला, मग रबराच्या घुमटाची भिंत पातळ-जाड करत बसला. आज आमच्या किटची जी तारीफ होते ती मुख्यतः त्या रबराची.

विकायला काढल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: ‘साहेब, आत मारिओ आहे का?’ नाही. दुसऱ्याचे खेळ भरून देणं म्हणजे चोरीचा माल विकणं. एका व्यापाऱ्याने तर ‘मेमरी कार्डात शेकडो गेम टाकून द्या, डोळे झाकून माल उचलतो’ असं सांगितलं. ती ऑर्डर सोडली. लेगोचं किंवा निन्टेन्डोचं नावही आम्ही बॉक्सवर छापत नाही. फक्त ‘८ मिलीमीटरच्या ठोकळ्यांशी जुळणारं’ एवढंच लिहितो. त्या ठोकळ्याचं १९५८ चं पेटंट कधीच संपलं, आणि गुंड्यांच्या आकारावर ट्रेडमार्क म्हणून हक्क सांगता येत नाही असं कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलंय. नावावरचा हक्क मात्र त्यांचाच. आपल्याकडे २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का सक्तीचा आहे. आम्ही मोठ्यांसाठीच विकतो, आणि तसं स्पष्ट लिहितो.

मग डबीत द्यायचं काय? पुतणीने वाघ-बकरीचा डाव लिहायला घेतला. नियम सोपे, अडलं ते मराठीवर. गेम बॉयचा पडदा ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरशांनी भरतो, आडव्या वीस, उभ्या अठरा. इंग्रजी अक्षर एका फरशीत मावतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार, मधे शिरोरेघ. आठ ठिपक्यांच्या उंचीत ‘कु’चा उकार काढला तर रेघेच्या वर मात्रेला जागाच उरत नाही. शेवटी तिने सुटी अक्षरं सोडून दिली आणि ‘बकरी मेली’, ‘वाघ कोंडला’ अशा अख्ख्या ओळींची चित्रं दोन फरशा उंचीत काढली. शिरोरेघ सलग राहिली आणि जागाही वाचली. मला विचाराल तर या सगळ्या उद्योगात नवं असं काही आम्ही केलं असेल तर ते हेच.

धंदा म्हणून हिशेब साधा आहे. ऑटो स्विच पोट भरतो, गेमची डबी पावसाळ्याचा पगार काढते. गिऱ्हाइकांत पुण्याच्या हिंजवडीतले आयटीवाले जास्त, थोडी कॉलेजं, आणि अधूनमधून परदेशातून सुट्टीला आलेले लोक, जे जाताना चार-पाच किट घेऊन जातात.

आता दोन डब्या जोडून वाघ एकाने आणि बकऱ्या दुसऱ्याने खेळाव्यात असं पुतणीचं म्हणणं आहे. जुन्या गेम बॉयची लिंक केबल सेकंदाला ८,१९२ बिट पाठवायची. डावाची एक चाल सांगायला तेवढा वेग भरपूर. बोर्डाची तयारी आहे. फक्त केबलचं सॉकेट एकही ठोकळा न कापता कोणत्या बाजूने बाहेर काढायचं, यावर भाचा आणि साचेवाला अजून भांडतायत.