नातवाची राहून गेलेली गोवराची लस

गोवर-रुबेलाचा पहिला डोस बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. आमच्या नातवाला दोन वर्षे उलटून गेली, तरी त्याचे दोन्ही राहिले होते. बाकीच्या लसी वेळेवर झाल्या होत्या. सुनेच्या मामेभावाचा मुलगा दीड वर्षाचा असताना, ही लस घेतल्यावर थोड्याच दिवसांत बोलेनासा झाला आणि पुढे त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले, तेव्हापासून तिने या लसीचा धसका घेतला होता. तिने ते मूल स्वतः पाहिलेले असल्यामुळे तिला अडाणी ठरवून मोकळे होणे मला पटत नव्हते.

इकडे २०२२ मध्ये मुंबईत गोवराने मुले दगावली होती. २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केलेल्या अमेरिकेतही २०२५ मध्ये टेक्सासात लस न घेतलेली दोन मुले गेली. या बातम्यांनी माझी झोप उडाली, पण सुनेचे मत तसूभरही बदलले नाही.

शेवटी रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘स्वमग्नतेची लक्षणे साधारण ज्या वयात पालकांच्या ध्यानात येतात, त्याच वयात ही लस असते. त्यामुळे काही घरांत एकापाठोपाठ दुसरे दिसणारच. लस न घेतलेल्या मुलांत ते कमी आढळते का, हे पाहायला हवे.’’ डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांबाबत ते पाहिले गेले आणि २०१९ च्या त्या अभ्यासात लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. ज्या लेखातून ही भीती पसरली, तो १९९८ चा लेख अवघ्या १२ मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. सुनेने बरेच उलटसुलट प्रश्न विचारले आणि मग ‘‘मंगळवारी जाऊ या, आई,’’ एवढेच म्हणाली.

लसीकरण केंद्रावर ताटकळावे लागले. लसीची पूड द्रावणात मिसळली की ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून सिस्टर आणखी मुलांची वाट पाहत होत्या. (एका मुलासाठीही कुपी उघडायला हवी, असे माझे मत.) उजव्या दंडावर सुई टोचली, चमच्याने अ जीवनसत्त्वाचे औषध पाजले आणि अर्धा तास बसवून ठेवले. आठवड्याभराने थोडा ताप येऊ शकतो, हे आधीच सांगितलेले होते; तो आला, तेव्हा कोणी घाबरले नाही.

दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर लागते. दुसऱ्या वेळी सून एकटीच त्याला घेऊन गेली.