रूआँ: लोण्याचा मनोरा आणि बॉम्बच्या खुणा

पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनवरून नॉर्मंडीतल्या रूआँ शहरात पोचायला साधारण दीड तास लागतो. सोमवार टाळा, त्या दिवशी घड्याळाचा मनोरा बंद असतो आणि कॅथेड्रलही दुपारीच उघडतं.

चित्रकार क्लोद मोनेने कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं काढली म्हणून सगळे आधी तिकडेच वळतात. समोर उभं राहिलात की उजवीकडचा तो ‘लोण्याचा मनोरा’. ईस्टरआधीच्या उपासात दूध-लोणी खायची सूट हवी असणाऱ्यांनी चर्चला जे पैसे दिले, त्यांतून तो बांधला असं सांगतात. म्हणजे जिभेचे चोचलेही पुरवले आणि पुण्यही पदरात पडलं! मधला कळस मात्र ओतीव लोखंडाचा, १५१ मीटर उंच. १८७६ साली तो पूर्ण झाला आणि चार वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून मिरवला. २०२४च्या जुलैमध्ये दुरुस्ती चालू असताना याच कळसाला आग लागली होती.

ग्रो-ऑर्लोज या जुन्या घड्याळाला एकच काटा आहे. त्याच्या कमानीखालून पुढे गेलात की पाले द जुस्तिस लागतं. खरं सांगायचं तर मला कॅथेड्रलपेक्षा हेच जास्त आवडलं. १४९९ साली काम सुरू झालेली ही न्यायालयाची इमारत. खिडक्यांवर, छज्जावर दगडाची अक्षरशः जाळी विणली आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या बॉम्बहल्ल्यांत ती फार मोडली. नंतर पुन्हा उभी केली, पण झान दार्क (म्हणजे जोन ऑफ आर्क) रस्त्याकडच्या भिंतीवरचे खळगे मुद्दाम तसेच ठेवले आहेत. काही तर मूठ बसेल एवढे. आत आजही कोर्ट चालतं, तेव्हा बाहेरूनच बघायची तयारी ठेवा.

शेवटी व्हिए-मार्शे चौक. १४३१ साली झान दार्कला इथेच जिवंत जाळलं. तिच्या नावाचं चर्च १९७९चं, आधुनिक. उपड्या होडीसारखं छप्पर बघून नाक मुरडू नका, आत जा. तिथल्या रंगीत काचा सोळाव्या शतकातल्या, सां-व्हँसां चर्चच्या. युद्धाआधी त्या काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. मूळ चर्च १९४४मध्ये गेलं, काचा वाचल्या. हे चर्च दुपारी जेवणाच्या वेळी बंद असतं, म्हणून आधी जेवून घ्या. पायात सपाट बूट घाला, जुन्या गल्ल्यांत सगळी दगडी फरसबंदी आहे.