सईने बास मागितला

आज सईवर ओरडलो. "काका, कपाटावरची ती बास गिटार मी घेऊ का?" एवढंच विचारलं होतं तिने. मी नाही म्हणालो. का, म्हणाली. नाही म्हटलं ना! आवाज चढला माझा. तिने बॅग उचलली आणि क्लासला निघून गेली, चहा तसाच टेबलावर.

अंगात तो पांढऱ्या घोड्याचा काळा टी-शर्ट होता, डेफ्टोन्स या अमेरिकन बँडचा. त्यांचा व्हाइट पोनी अल्बम 2000 सालचा, तेव्हा ही जन्मलीही नव्हती, आणि आता हिच्या वयाच्या पोरांना रील्स बघून बघून ती गाणी पाठ झालीत. त्याचं मला बरंच वाटतं. लागलं ते वेगळं. बोलता बोलता मी त्यांच्या बास वाजवणाऱ्या ची चेंगचं नाव घेतलं तर म्हणाली, "ची कोण?"

त्याचाच बास शिकतेय ना गं तू, असं तोंडावर आलं होतं. तेच डोक्यात घेऊन दिवसभर फिरलो. ची कोण. ची कोण म्हणे.

रात्री मनातल्या मनात तिला सगळं सांगत बसलो. सॅक्रामेंटोची शाळकरी पोरं, 1988 मध्ये बँड सुरू केला. स्टीफन कार्पेंटरला 15 व्या वर्षी स्केटबोर्डवर असताना गाडीने उडवलं, तो व्हीलचेअरवर बसून बसून गिटार शिकला. ची 1990 ला आला, कविता करणारा माणूस, कवितांची एक आख्खी रेकॉर्ड आहे त्याची. मग अ‍ॅड्रेनलिन, अराउंड द फर हे अल्बम, आणि सगळ्यांनी यांना कॉर्न बँडच्या पंगतीला बसवून न्यू मेटल, म्हणजे रॅप मिसळलेलं हेवी मेटल, म्हणायला सुरुवात केली, ते यांना कधीच पटलं नाही. व्हाइट पोनीच्या वेळी रेकॉर्ड कंपनीला हिट गाणं हवं होतं म्हणून शेवटचं लांबलचक संथ गाणं कापून त्यात रॅप घातलं आणि अल्बम परत काढला. तरी त्याच अल्बमने ग्रॅमी दिलं.

मग 4 नोव्हेंबर 2008. ईरॉस नावाचा अल्बम बराचसा रेकॉर्ड झाला होता. सांता क्लारात गाडीला अपघात, चीने सीटबेल्ट लावला नव्हता, तो कोमात.

आणि बँडने काय केलं, तर ईरॉस बाजूला ठेवून दिला, चीच्या जागेवर सर्जिओ वेगाला घेतलं आणि सगळं नव्याने लिहून मे 2010 मध्ये डायमंड आइज काढला. मला इतका राग आला होता तेव्हा. माणूस तिकडे बिछान्यावर पडलाय आणि यांनी त्याच्या जागी दुसरा उभा केला? दादाशी कडाक्याचं भांडलो होतो यावरून, गच्चीवर, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांमधून वाकून वाकून. तो शांतपणे म्हणाला, "मग त्यांनी काय करायचं? घरी बसायचं?" आणि वर म्हणाला, नवीन माणूस चांगला वाजवतोय, नीट ऐक. त्यानंतर चार दिवस मी बोललो नव्हतो त्याच्याशी. ते चार दिवस आता...

चीसाठी कार्यक्रम केले त्यांनी, पैसे उभे केले. तो कोमात गेल्याला साडेचार वर्षं होत आली होती. आमच्या दादाचे तर अकराच महिने. 13 एप्रिल 2013 ला ची गेला, 42 वर्षांचा, आणि ते सांगायला दादा नव्हता. ची गेल्याला वर्ष झालं त्या दिवशी गायकाने, चीनोने, ईरॉसमधलं एक गाणं नेटवर टाकलं, तेही कंपनीने काढायला लावलं. पुढे वेगाही बाहेर पडला, आता फ्रेड साब्लान वाजवतो, ऑगस्ट 2025 मध्ये नवीन अल्बमसुद्धा आला. म्हणजे त्या जागेवर तिसरा माणूस. ईरॉस त्यांनी झाकून ठेवला पण जागा रिकामी ठेवली नाही, आणि मला इतकी वर्षं हे दोन्ही एकच वाटत होतं.

सईला तरी ची कोण ते कुठून कळणार. कोणी सांगितलं तिला? मी सांगितलं का? तिला तर... केवढीशी होती ती.

अकराच्या सुमारास स्टूल घेऊन चढलो. चादरीची गाठ सुटेना, दाताने सोडवली. सगळ्यात जाड तार काळी पडलीय, बाकीच्यांना गंज. बोट फिरवलं तर तांबूस भुकटी लागली, टाइप करतानाही बोटाला लोखंडाचा वास येतोय. पट्ट्याला अजून ती सेफ्टी पिन आहे, पट्टा तुटला तेव्हा आईने बांगडीतली काढून दिली होती ती. वाकलीय पण धरून आहे.

खाली उतरून फोन बघितला तर वहिनींचा मेसेज. "सईला बास दिला नाहीत का? मीच म्हटलं होतं काकाला विचार."

अजून उत्तर दिलेलं नाही. तारा नव्याच घालाव्या लागतील. 45 ते 105 जाडीचा सेट, दादा तोच लावायचा.