तुम्ही विचारलंत म्हणून: ओळख परेडमध्ये मी आरोपीला का ओळखलं नाही

“मॅडम, तो तुमच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मग परेडमध्ये ओळखलं कसं नाही?”

हे मला नातेवाइकांनी विचारलं, बँकेतल्या लोकांनी विचारलं, आणि एकदा पासबुक छापायला आलेल्या एका खातेदाराने भर रांगेतून मोठ्याने विचारलं. विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. घाबरली असणार, नाहीतर कोणीतरी ‘भेटून’ गेलं असणार. मी बोलायला लागले की ते मान डोलवतात, आणि त्या डोलवण्यावरूनच कळतं की यांचं ठरलेलं आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पुढे कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

झालं काय ते तुम्हाला माहीत आहे. मी बँकेत कॅशियर. तिघं जण, तिघांच्या डोक्यावर हेल्मेट, एकाच्या हातात पिस्तूल, आणि समोर माझं काउंटर. (पेपरात दरोडा छापून आलं. पाच जण असते तर दरोडा. तिघांची ती जबरी चोरी. पण हेडलाइन कोण दुरुस्त करणार.) वॉचमन काकांना पिस्तुलाचा दस्ता बसला आणि त्यांचा डावा कान कायमचा गेला, हेही तुम्हाला माहीत आहे. पुढचं मात्र बहुतेकांना माहीत नाही, कारण तिथपर्यंत कोणी ऐकूनच घेत नाही.

मला काय दिसलं? पिस्तूल दिसलं. नळीच्या तोंडाशी काळा रंग उडाला होता आणि खालचं धातू चमकत होतं. घोड्यावरच्या बोटाचं नख कडेला तुटलेलं होतं. हे मी आजही कागदावर काढून दाखवीन. हेल्मेटची काच वर होती, म्हणजे डोळे, नाक आणि गालांचा थोडा भाग उघडा होता. ते मी पाहिलं, पण पिस्तूल जसं पाहिलं तसं नाही. 1987 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. लोकांना स्लाइड दाखवल्या. काहींना दिसलं की ग्राहक कॅशियरपुढे चेक धरतोय, काहींना दिसलं की तोच ग्राहक पिस्तूल धरतोय. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पुन्हा पुन्हा त्यावरच जात होती आणि माणसाबद्दलचं बाकीचं त्यांना कमी आठवलं. हे वाचताना मला हसू आलं. कॅशियरच निवडली होती त्यांनीही.

संध्याकाळी पोलिसांनी जबाब घेतला. हवालदार लिहीत होते, मी सांगत होते. शेवटी त्यांनी वाचून दाखवला. अखेरचं वाक्य होतं, “सदर इसमांना पुन्हा पाहिल्यास मी ओळखेन.” हे मी म्हटलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं होतं की एकाचे डोळे लक्षात आहेत. नंतर कळलं की हे वाक्य अशा बहुतेक जबाबांच्या शेवटी असतंच. मी त्यावर हो म्हटलं. त्या वेळी कोणीही म्हटलं असतं.

काही दिवसांनी एकाला पकडलं. बाकीचे दोघं आजतागायत सापडलेले नाहीत. आरोपीची ओळख परेड व्हायची असेल तर त्याला बुरख्यात न्यायचं, साक्षीदाराच्या नजरेला पडू द्यायचं नाही, हा नियम शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. तरी त्याच रात्री आमच्या स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो आला. कुठून निघाला, कोणामार्फत आला, देव जाणे. भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला, वर बघणारा, तोंड उघडं. खाली कोणीतरी लिहिलं होतं, “सापडला!” मग अंगठे, हात जोडलेले, शिव्या. मीही तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथे त्याला भोवरा होता. एक बट उलटी फिरून उभी राहिली होती. तेवढं ठळक बसलं डोक्यात.

आता परेड. ती तुरुंगात होते, पोलीस स्टेशनात नाही, आणि ती नायब तहसीलदार घेतात. पोलिसांना खोलीबाहेर ठेवतात. दोन पंच असतात. एका आरोपीमागे निदान अर्धा डझन माणसं रांगेत हवीत, तीही वयाने-बांध्याने साधारण त्याच्यासारखी. त्यांना सगळे डमी म्हणतात. आम्हा साक्षीदारांना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. ज्याचं झालं त्याला परत आमच्यात येऊ देत नव्हते, आतलं बाहेर फुटू नये म्हणून. मला हा बंदोबस्त पाहून बरं वाटलं होतं. किती काळजी घेतात, असं मनात आलं. फोटोची आठवण तेव्हा झाली नाही.

आत गेले. सात जण ओळीत उभे. नायब तहसीलदार म्हणाले, “त्या दिवशी पाहिलेलं यांच्यात कोणी असेल तर हात लावून दाखवा. नसेल तर नाही म्हणा. घाई करू नका.” हात लावून. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, लांबून बोट दाखवायचं असेल.

मी ओळीपुढून चालत गेले. पहिला छताकडे बघत होता. दुसऱ्याच्या शर्टाचं बटण चुकीच्या काजात होतं. तिसरा, चौथा. पाचव्यापाशी आले आणि छातीत धस्स झालं. हाच! शंकाच नाही. अंगभर काटा आला, गुडघे सैल पडले. जे होतं म्हणून सांगतात ते सगळं झालं. माझा उजवा हात त्याच्या खांद्याकडे निघालाही.

आणि मी बघत काय होते, तर भोवरा.

हेल्मेट त्या दिवशी एकाच्याही डोक्यावरून उतरलं नव्हतं. आत येतानाही नाही, जातानाही नाही. केस मला दिसणं शक्यच नव्हतं. मग माझ्या छातीत जे धस्स झालं ते कोणाला पाहून? काउंटरपलीकडच्या माणसाला, की मोबाइलमधल्याला? हात तसाच अर्ध्यावर थांबला. तो माणूस माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. मी ठरवलं, केस सोड, फक्त डोळे बघ. बघितले. डोळे तेच वाटले. पण फोटोतही तेच डोळे होते, आणि ते मी बोटांनी मोठे करून पाहिले होते. यातलं कुठलं त्या दिवसाचं आणि कुठलं फोटोतलं हे वेगळं काढायचा मी उभ्या उभ्या खूप प्रयत्न केला. नाही निघालं. साहेब पुन्हा म्हणाले, “सावकाश बघा.” मी हात खाली घेतला.

“यांच्यात कोणी नाही, असं लिहू?”

“खात्रीने सांगता येत नाही, असं लिहा.”

पंचनाम्यात आलं, “साक्षीदाराने कोणासही ओळखले नाही.” म्हटलं तर खरं, म्हटलं तर नाही. मी वाद घातला नाही.

माझ्यानंतर माझा सहकारी आत गेला आणि त्याने सरळ जाऊन पाचव्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो खोटारडा आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. त्याची खात्री खरी होती. खात्रीचा प्रश्नच नाही. 1979 साली अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये बर्नार्ड पगानो नावाच्या कॅथलिक धर्मगुरूवर सशस्त्र लुटीचा खटला चालला. सात साक्षीदारांनी न्यायालयात त्यांच्याकडे बोट दाखवलं. खटला चालू असतानाच रोनाल्ड क्लाउजर नावाच्या माणसाने येऊन कबुली दिली की लुटी त्याने केल्या. तो वयाने बराच लहान होता आणि पगानोंसारखा फारसा दिसतही नव्हता. साक्षीदारांच्या कानावर आधीच गेलं होतं की संशयित धर्मगुरू असू शकतो, आणि त्यांना दाखवलेल्या फोटोंत धर्मगुरूची कॉलर फक्त पगानोंच्या गळ्यात होती. सातही जणांना आतून धस्स झालंच असणार.

हे सगळं मी परेडनंतर वाचलं, हे कबूल करते. सुरुवातीची काही वर्षं मी ते ढालीसारखं वापरलं. कोणी विचारलं की काढ पगानो, काढ लॉफ्टस, काढ इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1976 साली टर्नबुल खटल्यात दिलेली ताकीद, की साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकलेला असू शकतो. ऐकणारे गप्प व्हायचे. तेव्हाच्या माझ्याशी आता माझं पटत नाही. हेच संशोधक असंही सांगतात की स्मृतीला कशाचा हात लागलेला नसेल, परेड नीट घेतलेली असेल, तर पहिल्याच वेळी दिलेली खात्री बरीच भरवशाची असते. म्हणजे तो फोटो आला नसता तर माझं ते धस्स होणं हाच पुरावा ठरला असता. कदाचित तो खरोखर तोच होता. मी हात लावायचा आणि बाकीचं न्यायाधीशांवर सोडायचं, खरं-खोटं ठरवणं माझं काम नव्हतं, असं मला माझी बहीण म्हणाली. तिला अजून नीटसं उत्तर देता आलेलं नाही. एवढंच सुचतं की प्राणघातक शस्त्रासह जबरी चोरी, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम 397, म्हणजे सात वर्षांहून कमी शिक्षा देताच येत नाही, आणि तो हात माझा होता. आणि सगळ्यांनाच हेल्मेट घालायला सांगा, असं मी साहेबांना म्हणू शकले असते, हे मला घरी आल्यावर सुचलं.

आपल्या कायद्यात ओळख परेड हा मूळ पुरावा नसतोच. तो तपासाचा भाग. मूळ पुरावा म्हणजे साक्षीदार न्यायालयात शपथेवर ओळखतो ते. परेड त्याला टेकू देते. साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचा फोटो आधी दाखवला गेला असेल तर तो टेकू निखळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. आमच्या खटल्यात तेच झालं. उलटतपासणीत माझ्या सहकाऱ्याला ग्रुपबद्दल विचारलं, त्याने फोटो पाहिल्याचं सांगितलं. जप्त केलेली रोकड आमच्याच बँकेतली, हे सिद्ध करता आलं नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. निकालपत्रात माझ्या वाट्याला एक वाक्य आहे, फोटोचा ऊहापोह पानभर. तरी तुम्ही प्रश्न मला विचारता.

काकांच्या मुलाने मात्र विचारलं तेव्हा मी कागद काढले नाहीत. तो बँकेत आला होता वडिलांच्या पेन्शनच्या कामाला. म्हणाला, “ताई, खरं सांगा, तोच होता ना?” मी त्याला हेल्मेटचं सांगितलं, भोवऱ्याचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि डोळे?” मी म्हटलं, डोळे तसेच वाटले. “मग तेवढं तरी सांगायचं होतंत,” तो म्हणाला. फॉर्मवर शिक्का घेऊन गेला. पुढच्या वेळी दुसऱ्या काउंटरला उभा राहिला.

सरकारने उच्च न्यायालयात अपील केलंय. तिथे साक्षीदारांना सहसा पुन्हा बोलावत नाहीत, खालच्या कोर्टात टाइप झालेली साक्षच वाचतात. सरकारी वकिलांनी मला विचारलं होतं, समोरच्या आरोपीला ओळखता का. मी म्हटलं, खात्रीने नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही, बचावाच्या वकिलांनी तर उलटतपासणीच नको म्हटलं. त्यामुळे डोळ्यांचं माझ्या साक्षीत काहीच नाही. कोणी विचारलं असतं तर काय बोलले असते, ते आज सांगता येत नाही.