पट अपडेट: मधोमध ठेवलेला मोहरा का दिसत नव्हता, त्याचा छडा लागला

मंडळी, छडा लागला! मी बनवतोय तो बुद्धिबळाचा इलेक्ट्रॉनिक पट: मोहऱ्यांच्या बुडाला चुंबक, आणि प्रत्येक घराखाली रीड स्विच, म्हणजे काचेच्या नळीतल्या दोन पट्ट्या चुंबकाने चिकटल्या की चालू होणारा स्विच. मागच्या अपडेटमधला प्रकार आठवत असेल. मोहरा घराच्या कडेला ठेवला की पट लगेच ओळखायचा आणि नीट मधोमध ठेवला की घर रिकामं दाखवायचा. चौसष्टच्या चौसष्ट घरांत तेच. कोड तपासला, डायोड तपासले, स्कॅनचा वेग कमी केला. काडीचा फरक नाही.

शेवटी एक सुटा रीड स्विच टेबलावर आडवा ठेवला, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (स्विच जोडला गेला की बीप वाजतो तिथे) लावला आणि प्याद्याच्या बुडाचं चुंबक त्याच्यावरून हळूहळू सरकवत नेलं. एका टोकाला बीप, मधे एकदम गप्प, दुसऱ्या टोकाला पुन्हा बीप! चुंबकाचा ध्रुव खाली तोंड करून बरोबर मध्यावर आला, की आतल्या दोन्ही पट्ट्यांवर त्याचा सारखाच परिणाम होतो आणि त्या एकमेकींना ओढतच नाहीत. चुंबक एका टोकाकडे गेलं, की पट्ट्यांच्या समोरासमोरच्या टोकांना विरुद्ध ध्रुव येतात आणि त्या चिकटतात.

म्हणून आता प्रत्येक स्विच घराच्या मध्यापासून कोपऱ्याकडे तिरका ८ मिमी सरकवतोय, म्हणजे मध्यबिंदूखाली काचेचं टोक येतं. पहिल्या दोन रांगा झाल्या. पांढरे सोळाच्या सोळा मोहरे मांडले आणि कॉम्प्युटरच्या सिरीयल मॉनिटरवर दोन्ही रांगा भरलेल्या दिसल्या. तो स्क्रीन किती वेळ नुसता बघत बसलो होतो!

रीड घेणाऱ्यांसाठी: ऑनलाइन मागवलेले साध्या पिशवीत आले, बऱ्याच जणांच्या काचेला तडे. नाशिकच्या एमजी रोडवरच्या दुकानात पैसे थोडे जास्त पडतात, पण काउंटरवरच चुंबक लावून एकेक तपासून घेता येतो. मी आता तिथूनच घेतो. आणि पाय वाकवताना काचेलगत पक्कड धरा, ताण पकडीवर येऊ द्या.

हा सगळा खटाटोप आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतल्या पोरांसाठी आहे, हे नव्या मंडळींना सांगायला हवं. बुद्धिबळ त्यांच्याकडे मोबाइलवरून आलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपल्या नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी लाइव्ह खेळत, बोलत असायचा, तेव्हापासून घराघरात हा खेळ शिरला. पुढे २०२४ ला बुडापेस्टचं ऑलिम्पियाड सुवर्ण आलं, त्या संघातही विदित होता. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा मुलींनीही पट मागायला सुरुवात केली. मोबाइलने हे फार मोठं काम केलंय. पण स्क्रीनवर झटपट पझल सोडवणारी हीच मुलं लाकडी पटावर समोरच्याचा लांबून रोखलेला उंट बघत नाहीत. म्हणून पट खरा आणि प्रतिस्पर्धी लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरचा, हे मला हवंय. लिचेसच्या बोर्ड एपीआयवरून (खरा पट साइटला जोडायची सोय) अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी रॅपिड किंवा त्याहून संथ डावच लावता येतात. मला ती अट मनापासून आवडते, पोरं बूड टेकवून बसतात.

आता हे लिहिता लिहिताच एक गोष्ट खटकतेय. मुलं मोहरा मारतात कसा? घोडा बोटांत धरून त्याच मुठीने समोरचं प्यादं उचलतात आणि क्षणात घोडा तिथे टेकवतात. घर रिकामं झाल्याचं पटाला कळतच नाही. घोड्यापुढे मारण्यासारखे दोन मोहरे असतील, तर त्याने कुठला मारला हे रीड सांगूच शकत नाही, कारण त्याला फक्त आहे-नाही कळतं. पण काळ्या मोहऱ्यांची चुंबकं उलटी चिकटवली आणि खाली लिनियर हॉल सेन्सर (चुंबकाचा ध्रुव आणि जोर दोन्ही सांगणारा) बसवला, तर रंगच कळेल! एसएस४९ई हा तसा सेन्सर ३.३ व्होल्टवर चालतो. ए३१४४ या दुसऱ्या हॉल सेन्सरचा उपयोग नाही, तो एकाच ध्रुवाला दाद देतो आणि त्याला किमान ४.५ व्होल्ट लागतात. सोळा चॅनलचे चार मल्टिप्लेक्सर (सोळा सेन्सर एका पिनवर आळीपाळीने आणणारी चिप) ईएसपी३२ या वायफायवाल्या कंट्रोलरच्या एडीसी१ च्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या भागाच्या, चार पिनांवर. एडीसी२ वायफाय चालू असताना वापरता येत नाही, हे लक्षात ठेवा.

तेव्हा तिसऱ्या रांगेपासूनचं रीडचं काम थांबवतोय. आधी चार घरांचा हॉलचा तुकडा करून बघतो. सातपूरला लेझर कटिंगला दिलेला वरचा प्लाय तसाच चालेल, एलईडीची भोकं ५० मिमी अंतरावरच आहेत. कोणी ४ मिमी प्लायखाली एसएस४९ई लावला असेल, तर शेजारच्या घरातल्या चुंबकाने रीडिंग किती हलतं ते आकड्यांत सांगा.